झोटेरोतील हायलाइट आणि टिपा नोंदींच्या ॲपमध्ये आणणारा प्लगइन कसा निवडावा

शोधनिबंध किंवा पुस्तक वाचताना केलेले हायलाइट आणि त्यांच्याशेजारी लिहिलेल्या टिपा झोटेरोसारख्या रेफरन्स मॅनेजरमध्येच (संदर्भ साठवून सांभाळणाऱ्या ॲपमध्येच) पडून राहिल्या, तर प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर त्या हाताशी येत नाहीत. म्हणून या खुणा ऑब्सिडियन, लॉगसेक किंवा नोशन यांसारख्या नोंदींच्या ॲपमध्ये आणून देणारे प्लगइन, म्हणजे ॲपला जोडायची छोटी पूरक साधने, वापरले जातात. असे प्लगइन बरेच आहेत आणि त्यांच्या माहितीपानांवरील वैशिष्ट्यांच्या याद्या एकमेकींसारख्याच दिसतात, त्यामुळे याद्या ताडून निवड करणे फारसे उपयोगी पडत नाही. हायलाइट पहिल्यांदा उचलून आणण्याचे काम जवळजवळ प्रत्येक प्लगइन बऱ्यापैकी करतो. त्यांच्यातील खरा फरक दुसऱ्या आयातीच्या वेळी कळतो. तुम्ही एकदा नोंद आयात केलेली असते, तिच्यात स्वतःचे विचार लिहिलेले असतात, मग तोच निबंध पुढे वाचून आणखी काही हायलाइट केलेले असतात, एखादी जुनी टीप सुधारलेली असते, आणि आता तुम्ही आयातीचे बटण पुन्हा दाबता. या क्षणी तुमचे स्वतःचे लेखन जसेच्या तसे राहते का, हा निवडीचा पहिला निकष असावा असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व विवेचन झोटेरो आणि ऑब्सिडियन ही जोडी मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मात्र तपासण्याची पद्धत इतर ॲपनाही तशीच लागू पडते.

खुणा साठतात कुठे, हे आधी समजून घ्यावे

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेल्या झोटेरोला २०२२ मधील सहाव्या आवृत्तीत स्वतःचा पीडीएफ वाचक (पीडीएफ उघडून वाचण्याची अंगभूत सोय) मिळाला. या वाचकात केलेले हायलाइट पीडीएफ फाइलमध्ये लिहिले जात नाहीत, तर झोटेरोच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठतात. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही पीडीएफ वाचकात उघडली, तर ती कोरी दिसते. आणि जो प्लगइन केवळ पीडीएफ फाइल उघडून हायलाइट शोधतो, त्याच्या हाती काहीच लागत नाही. याच्या उलट, दुसऱ्या वाचकात केलेले हायलाइट फाइलच्या पोटातच असतात. झोटेरो ते दाखवतो, पण त्यांच्यापुढे कुलपाचे चिन्ह असते आणि ते बदलता येत नाहीत. फाइल मेनूमधील खुणा आयात करण्याची आज्ञा दिली, की त्या फाइलमधून निघून झोटेरोच्या डेटाबेसमध्ये येतात. प्लगइन शोधण्याआधी आपल्या खुणा यांपैकी कोणत्या प्रकारच्या आहेत हे पाहावे आणि शक्य असल्यास सर्व खुणा एकाच ठिकाणी आणून ठेवाव्यात, कारण अर्ध्या इथे आणि अर्ध्या तिथे असल्या की कोणताही प्लगइन अपुरा वाटू लागतो.

या दोन प्रकारांत आणखी एक फरक आहे आणि तो आयात केलेल्या मजकुराच्या शुद्धतेवर थेट परिणाम करतो. पीडीएफ फाइलमधील हायलाइट म्हणजे पुष्कळदा पानावरील एका चौकटीचे केवळ निर्देशांक असतात. त्या चौकटीखाली कोणते शब्द आहेत हे प्लगइनला नव्याने काढावे लागते. दोन स्तंभांत छापलेल्या पानावर शेजारच्या स्तंभाची ओळ मध्येच घुसणे, ओळीअखेर तोडलेला शब्द संयोगचिन्हासह येणे, जोडून छापलेली इंग्रजी अक्षरे गळून पडणे, हे प्रकार त्यातूनच होतात. देवनागरी मजकुराच्या बाबतीत हे अधिक जाणवते, कारण ऱ्हस्व इकार छपाईत अक्षराच्या आधी आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर येतो. त्यामुळे अनेक पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात तो भलत्याच अक्षराला चिकटतो, आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार झालेल्या फाइलमधून तर अर्थहीन रोमन चिन्हांची माळ बाहेर येते. झोटेरोच्या वाचकात हायलाइट करतानाच मजकूर उचलून साठवला जातो आणि बाजूच्या पट्टीत तो दुरुस्तही करता येतो. दुरुस्ती तिथेच करावी. आयात झालेल्या नोंदीत केलेली दुरुस्ती पुढच्या आयातीत पुसली जाण्याची शक्यता असते, तर मुळातली दुरुस्ती प्रत्येक आयातीत बरोबर येते.

उपलब्ध मार्ग

सर्वांत साधा मार्ग प्लगइनशिवायचा आहे, आणि ज्यांना मोजक्याच निबंधांच्या नोंदी हव्या आहेत त्यांनी तोच आधी वापरून पाहावा. झोटेरोमध्ये संदर्भावर उजवी क्लिक करून खुणांपासून नोंद तयार करण्याची आज्ञा दिली, की सर्व हायलाइट आणि टिपा पानक्रमांकांसह एका नोंदीत जमा होतात. ही नोंद मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) स्वरूपात निर्यात करता येते आणि तिच्यात मूळ जागी परत नेणाऱ्या लिंकही घेता येतात. या मार्गाची मर्यादा अशी, की नवे हायलाइट केल्यावर नवी नोंद तयार होते आणि ती जुन्या नोंदीशी जुळवण्याचे काम हाताने करावे लागते. ज्यांचे वाचन एकदा करून संपते, त्यांना ही मर्यादा जाणवणारही नाही.

ऑब्सिडियनसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे झोटेरो इंटिग्रेशन हा प्लगइन. तो चालण्यासाठी झोटेरोमध्ये बेटर बिबटेक हा दुसरा प्लगइन बसवलेला असावा लागतो आणि आयात करताना झोटेरो चालू असावे लागते. नोंदीचा आराखडा नंजक्स या टेम्प्लेट-भाषेत लिहायचा असतो. टेम्प्लेटची सवय नसलेल्याला हे सुरुवातीला जड जाते, पण त्या बदल्यात मिळणारे स्वातंत्र्य मोठे आहे: रंगानुसार हायलाइट वेगळे करणे, चौकट आखून निवडलेली आकृती प्रतिमा म्हणून फोल्डरमध्ये ठेवणे, लेखक आणि वर्ष नोंदीच्या गुणधर्मांत भरणे, हे सर्व टेम्प्लेटमधून ठरवता येते. त्यात एक ‘पर्सिस्ट’ नावाचा विभाग आखता येतो आणि त्या विभागात तुम्ही जे लिहाल ते पुढील आयातीत जपले जाते. वर सांगितलेल्या पहिल्या निकषाचे हे थेट उत्तर आहे, आणि म्हणूनच बहुतेक वाचकांना मी प्रथम हा प्लगइन सुचवीन.

झोटलिट हा प्लगइन झोटेरोचा एसक्यूलाइट डेटाबेस थेट वाचतो, त्यामुळे शोध आणि आयात वेगाने होते. हायलाइट एकेक करून ओढून नोंदीत टाकण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांना तो अधिक सोयीचा वाटतो. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी: डेटाबेसची अंतर्गत रचना झोटेरोच्या नव्या आवृत्तीत बदलू शकते, आणि थेट वाचणाऱ्या प्लगइनला प्रत्येक मोठ्या बदलानंतर स्वतःला जुळवून घ्यावे लागते. डेटाबेस केवळ वाचणारा प्लगइन आणि त्यात लिहिणारा प्लगइन यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोटेरोच्या डेटाबेस फाइलमध्ये बाहेरून थेट लिहिणारे कोणतेही साधन वापरू नये.

लॉगसेकची अंगभूत जोडणी झोटेरोच्या वेब एपीआयमार्फत (दुसऱ्या ॲपला इंटरनेटवरून माहिती देण्याच्या सोयीमार्फत) चालते. म्हणजे आधी खुणा झोटेरोच्या सर्व्हरवर सिंक झालेल्या असाव्या लागतात आणि तुम्हाला एपीआय की, म्हणजे प्रवेशासाठीची सांकेतिक किल्ली, तयार करून द्यावी लागते. ही की तयार करताना फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. नोंदींच्या वाचनाची परवानगी वेगळी मागितली जाते, ती द्यायला विसरल्यास संदर्भ येतात पण नोंदी येत नाहीत. नोशन वापरणाऱ्यांसाठी नोटेरो आहे. तो झोटेरोच्या बाजूने बसतो आणि निवडक संग्रहांतील संदर्भांची माहिती नोशनच्या तक्त्यात भरतो. वाचनयादी सांभाळण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु एकेका हायलाइटवर बारकाईने काम करणाऱ्याची गरज त्यावर भागेल असे मला वाटत नाही. बेटर नोट्स हा प्लगइन झोटेरोच्या आतच नोंदी लिहिण्याची सोय वाढवतो आणि त्या मार्कडाउन फाइलशी सिंक करतो. ज्यांना दोन ॲपपैकी झोटेरोच मुख्य ठेवायचे आहे, त्यांनी त्याचा विचार करावा. शोध घेताना एमडीनोट्स या जुन्या प्लगइनची शिफारसही अनेक ठिकाणी दिसेल, पण तो अंगभूत वाचक येण्यापूर्वीच्या काळातील असल्याने आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सायटेशन कीची, म्हणजे संदर्भाच्या छोट्या सांकेतिक नावाची, एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण दुहेरी नोंदी तयार होण्यामागे पुष्कळदा तीच असते. बेटर बिबटेक प्रत्येक संदर्भाला लेखक, शीर्षक आणि वर्ष यांवरून एक की देतो आणि बहुतेक टेम्प्लेटमध्ये नोंदीच्या फाइलचे नाव त्या कीवरून ठरते. तुम्ही नंतर संदर्भातील चुकलेले वर्ष दुरुस्त केले आणि की पक्की केलेली नसेल, तर ती बदलते. पुढची आयात जुनी फाइल ओळखत नाही आणि नव्या नावाची दुसरी नोंद तयार करते. तुमचे लेखन जुन्या नोंदीत राहते आणि नवे हायलाइट नव्या नोंदीत येतात. म्हणून आयात करण्यापूर्वी संदर्भाची माहिती एकदा नजरेखालून घालावी, सायटेशन की पिन (पक्की) करावी आणि मगच पुढे जावे.

तपासणी कशी करावी

प्लगइन निवडण्यापूर्वी एक चाचणी करावी. ऑब्सिडियनमध्ये एक वेगळा, रिकामा व्हॉल्ट (नोंदींचा फोल्डर) तयार करावा आणि झोटेरोमध्ये एक असा निबंध निवडावा ज्याचे पान दोन स्तंभांत छापलेले आहे, ज्यात एखादी आकृती आहे आणि ज्याचा छापील पानक्रमांक एकपासून सुरू होत नाही. त्यात दोन वेगळ्या रंगांचे हायलाइट करावेत. एका हायलाइटला टीप जोडावी, एकाला टॅग द्यावा, एक हायलाइट एका पानाच्या शेवटच्या ओळीजवळ करावा, एक ओळ अधोरेखित करावी, आणि आकृतीभोवती चौकट आखावी. अधोरेखन आवर्जून घ्यावे, कारण ते झोटेरोच्या सातव्या आवृत्तीत आलेले आहे आणि त्याआधी लिहिलेल्या टेम्प्लेटमध्ये त्यासाठी जागा नसू शकते. अशा वेळी ती खूण एकतर गाळली जाते किंवा साध्या हायलाइटसारखी येते.

आता पहिली आयात करावी आणि तयार झालेली नोंद शांतपणे वाचावी. प्रथम पानक्रमांक पाहावा. नियतकालिकातील निबंध छापील पान २४१ पासून सुरू होत असेल आणि हायलाइट फाइलच्या पाचव्या पानावर असेल, तर नोंदीत २४५ यायला हवे, ५ नव्हे. झोटेरोजवळ ही दोन्ही माहिती असते: छापील पानाचा क्रमांक आणि फाइलमधील पानाचा क्रम. टेम्प्लेटने चुकीचे क्षेत्र उचलले, तर पुढे तुमच्या लेखनातील प्रत्येक संदर्भ चुकतो आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही. त्यानंतर हायलाइटशेजारील लिंकवर क्लिक करावे. ती केवळ पीडीएफ उघडते, त्या पानावर नेते, की नेमक्या त्या हायलाइटवर नेते, हे पाहावे. झोटेरोच्या लिंकमध्ये फाइलची ओळख, पानक्रमांक आणि खुणेची ओळख असे तिन्ही घटक देता येतात, त्यामुळे नेमक्या जागी न नेणारी लिंक स्वीकारण्याचे कारण नाही. तुम्ही सामूहिक ग्रंथसंग्रह वापरत असाल, तर तिथल्या एका निबंधावरही ही लिंक तपासावी, कारण त्या लिंकची रचना वैयक्तिक संग्रहापेक्षा वेगळी असते आणि उसनवारीने घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ती नेमकी तुटते.

मग नोंदीत स्वतःचे लेखन करावे, आणि तेही तीन ठिकाणी: राखीव विभागात (म्हणजे ‘पर्सिस्ट’सारख्या जपल्या जाणाऱ्या विभागात) एक परिच्छेद, एका हायलाइटच्या लगेच खाली एक वाक्य, आणि अगदी शेवटी एक ओळ. यानंतर झोटेरोत परत जाऊन चार बदल करावेत. एक नवा हायलाइट निबंधाच्या मध्यभागी करावा, एक जुनी टीप बदलावी, एका हायलाइटचा रंग बदलावा आणि एक हायलाइट काढून टाकावा. आता दुसरी आयात करावी.

निकाल साधारण दोन प्रकारचे दिसतात. काही टेम्प्लेट प्रत्येक वेळी सर्व खुणा नव्याने लिहितात: नोंद मूळ निबंधाशी तंतोतंत जुळते, काढलेला हायलाइट नाहीसा होतो, नवा हायलाइट योग्य जागी बसतो, परंतु राखीव विभागाबाहेर लिहिलेले तुमचे वाक्य पुसले जाते. दुसऱ्या प्रकारचे टेम्प्लेट मागील आयातीची तारीख पाहून फक्त त्यानंतरच्या खुणा शेवटी जोडतात: तुम्ही हायलाइटखाली लिहिलेले वाक्य टिकते, पण नवा हायलाइट निबंधातील क्रम सोडून तळाशी येतो आणि काढून टाकलेला हायलाइट नोंदीत तसाच राहतो. बदललेली टीप दुसऱ्यांदा नवी म्हणून येते का, हेही इथेच कळते. यातील कोणता प्रकार तुमचा, हे तुमच्या लिहिण्याच्या सवयीवर ठरते. जो वाचक प्रत्येक हायलाइटखाली दोन-चार ओळी लिहीत पुढे जातो, त्याने जोडत जाणारा प्रकार घ्यावा. जो आधी सर्व वाचून मग स्वतंत्रपणे लिहितो, त्याने नव्याने लिहिणारा प्रकार घ्यावा आणि आपले लेखन राखीव विभागात, किंवा त्याहूनही चांगले म्हणजे दुसऱ्याच फाइलमध्ये, ठेवावे.

मला स्वतःला ही दोन फाइलींची पद्धत सर्वांत निर्धोक वाटते. खुणांची फाइल ही यंत्राने लिहायची आणि विचारांची फाइल ही माणसाने लिहायची, असे एकदा ठरले की प्लगइनने कितीही वेळा पहिली फाइल पुसून लिहिली तरी दुसरीला धक्का लागत नाही. यासाठी विचारांच्या फाइलमधून एकेका हायलाइटकडे लिंक करता आली पाहिजे आणि ती लिंक पुढील आयातीनंतरही टिकली पाहिजे. ऑब्सिडियनमध्ये परिच्छेदाच्या शेवटी ब्लॉक आयडी (त्या परिच्छेदाची ओळख) देऊन अशी लिंक करता येते. तो आयडी आपण हाताने दिला असेल, तर पुढच्या आयातीत जातो. टेम्प्लेटने तो झोटेरोतील खुणेच्या ओळखीवरून बनवला असेल, तर प्रत्येक वेळी तोच राहतो. म्हणून टेम्प्लेटमध्ये खुणेची मूळ ओळख वापरता येते का, हे चाचणीतच पाहून घ्यावे.

रंगांबद्दल थोडे. झोटेरोत आठ रंग आहेत आणि टेम्प्लेटमध्ये प्रत्येक रंगाला मथळा देता येतो, उदाहरणार्थ पिवळ्याखाली मुख्य प्रतिपादन, लालखाली मतभेदाचे मुद्दे, हिरव्याखाली पद्धती. याचा मोह आवरावा आणि तीन-चार रंगांवर थांबावे. शिवाय रंगानुसार गट केले की हायलाइटचा मूळ क्रम मोडतो आणि लेखकाचा युक्तिवाद पायरीपायरीने वाचता येत नाही, हा तोटा मला मोठा वाटतो. क्रम तसाच ठेवून प्रत्येक हायलाइटच्या सुरुवातीला रंगाचा अर्थ सांगणारा एक शब्द टाकला, तर दोन्ही गोष्टी साधतात.

प्लगइनचे आयुष्य आणि सुरक्षितता

२०२४ मध्ये झोटेरोची सातवी आवृत्ती आली तेव्हा प्लगइनची अंतर्गत रचना बदलली, आणि सहाव्या आवृत्तीसाठी लिहिलेले प्लगइन नव्याने जुळवून घेतल्याशिवाय चालेनासे झाले. ज्यांच्या लेखकांनी ते काम केले ते प्लगइन टिकले. त्यामुळे निवड करताना प्लगइनच्या संकेतस्थळावर शेवटची आवृत्ती कधी आली, तुमच्या झोटेरोच्या आवृत्तीचा उल्लेख आहे का आणि वापरकर्त्यांच्या तक्रारींना उत्तरे मिळत आहेत का, हे पाहावे. हे प्लगइन बहुधा एखादी व्यक्ती फावल्या वेळात सांभाळत असते, आणि तिचा वेळ संपला की प्लगइन थांबतो. यात दोष कुणाचा नाही, पण आपली तयारी असावी. प्लगइन उद्या बंद पडला तर हाती काय उरते, या प्रश्नाचे उत्तर ‘साध्या मार्कडाउन फाइली आणि झोटेरोच्या लिंक’ असे असेल, तर चिंता नाही. नोंद वाचण्यासाठीच प्लगइन लागत असेल, म्हणजे तो नसताना फाइलमध्ये केवळ आज्ञांच्या ओळी दिसत असतील, तर तो घेऊ नये.

ऑब्सिडियनचे सामुदायिक प्लगइन ॲपला असलेले अधिकारच वापरतात. ते संगणकावरील फाइली वाचू शकतात आणि इंटरनेटशी जोडू शकतात. म्हणून प्लगइन अधिकृत यादीतूनच घ्यावा, कामापुरतेच प्लगइन चालू ठेवावेत, आणि पहिल्या खऱ्या आयातीपूर्वी व्हॉल्टचा आणि झोटेरोच्या डेटा फोल्डरचा बॅकअप घ्यावा. डेटा फोल्डरचा बॅकअप झोटेरो बंद करूनच घ्यायचा असतो.

मोबाइल किंवा टॅबलेटवर वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की झोटेरो इंटिग्रेशन केवळ डेस्कटॉपवर चालतो. टॅबलेटवर केलेल्या खुणा आधी झोटेरोच्या सिंकमधून संगणकावर येऊ द्याव्यात, आयात संगणकावर करावी, आणि तयार नोंदी व्हॉल्टच्या सिंकमधून टॅबलेटवर परत येतील अशी व्यवस्था ठेवावी. दोन संगणकांवर काम असेल, तर आयात त्यांपैकी एकाच संगणकावर करण्याचा नियम घालून घ्यावा, कारण दोन्हीकडे वेगवेगळ्या आवृत्तीचे टेम्प्लेट राहिले की त्याच नोंदी आळीपाळीने दोन रूपांत लिहिल्या जातात आणि सिंकमध्ये परस्परविरोधी प्रती साठू लागतात. टेम्प्लेटची फाइल व्हॉल्टच्या आतच ठेवली, तर ती नोंदींबरोबरच सिंक होते आणि बॅकअपमध्येही आपोआप येते.